सुजाता : एका नावातली जात

नामांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विद्यापीठ येतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत माणसं मेली, घरं जळाली. तो इतिहास आपण पाठ केलाय, दरवर्षी सांगतो. सांगायलाच पाहिजे. पण त्याच्या वीस-बावीस वर्षं आधी आपल्या घराघरात एक नामांतर होऊन गेलं होतं. त्याला ठराव लागला नाही, मोर्चा लागला नाही. ते पाळण्यात झालं. आपल्या पोरींची नावं बदलली. त्याबद्दल आपण कधी बोलतच नाही.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. इतिहास कॉलेजात जाऊन शिकलेलो नाही. रात्रपाळी करून दुपारी वाचनालयात जे वाचलं, घरात म्हाताऱ्या माणसांकडून जे ऐकलं, त्यातून हे लिहितोय. गिरणीत नावाला काय किंमत असते ते मला माहीत आहे. आधी तिकीट नंबर होता, आता अंगठा लावायचं मशीन आलंय. कुणाचं नाव काय हे मशीनला कळलं काय न कळलं काय, सारखंच. म्हणूनच असेल, नावाचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

एकच नाव घेतलंय. सुजाता.

माझ्या आईचं नाव सुजाता. तिचा जन्म १९७४ चा. तिच्या आईचं नाव धोंडाबाई. या दोन नावांच्या मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस उभा आहे.

आधी धोंडाबाईचं बघू. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव कसं ठेवावं याचा कायदा आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं. आणि शूद्राचं? निंद्य. ऐकणाऱ्याला किळस यावी असं. पुढच्याच श्लोकात शूद्राच्या नावाला चाकरीची जोड द्यायला सांगितलंय. बाबासाहेबांनी 'हिंदू धर्माचे तत्त्वज्ञान' या लिखाणात या कायद्याकडे नेमकं बोट ठेवलंय. शूद्रानं जगण्यात हीन असून भागत नाही, नावातही हीन असलं पाहिजे, असा त्याचा अर्थ.

बायकांच्या नावाचा कायदा वेगळा. उच्चाराला सोपं, कानाला गोड, शेवटी दीर्घ स्वर. तिसऱ्या अध्यायात आणखी एक यादी आहे. कोणत्या नावाची मुलगी बायको करू नये? नक्षत्राचं नाव असलेली, झाडाचं, नदीचं, डोंगराचं, पक्ष्याचं, सापाचं, अंत्यजाचं, दासीचं. आता गंमत बघा. गंगा, यमुना, गोदावरी, रोहिणी ही नावं वरच्या जातींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्यांच्या पोरींची लग्नं काही अडली नाहीत. म्हणजे कायदा स्वतःवर आला तेव्हा त्यांनी तो गुंडाळून ठेवला. आपल्यावर मात्र नीट लावला. गावात कुणी पोथी उघडून आपली नावं ठेवत नव्हतं. उघडायची गरजच नव्हती.

पण इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर आपला इतिहासही त्यांच्या इतिहासासारखा एकडोळ्या होईल. धोंडा, दगडू, केरू ही नावं फक्त आपल्यात नव्हती. पोरं जगत नसली की पुढच्या पोराला दगडाचं, केराचं नाव द्यायचं, म्हणजे मरण त्याच्याकडे बघणार नाही, अशी समजूत सगळ्याच जातींत होती. माझ्या आजीच्या आधीची भावंडं गेली होती, म्हणून ती धोंडाबाई. महर्षी कर्वे यांचंही नाव धोंडोच. धोंडो केशव कर्वे. १९५८ साली भारतरत्न झाले. मग फरक कुठं पडला?

फरक शेपटात पडला. त्यांच्या धोंडोचा धोंडोपंत होतो. आपल्या धोंडिबाचा धोंड्या होतो. माझ्या आजीला गावानं कधी धोंडाबाई म्हटलं नाही. "धोंडे" म्हणूनच हाक मारली. कागदावर बाई आणि वाड्याच्या दारात धोंडे. निंद्य नाव म्हणजे काय ते श्लोकात नाही कळत, हाकेत कळतं.

आता सुजाता.

शब्द फोडून बघा. सु आणि जात. सु म्हणजे चांगली. जात म्हणजे जन्मलेली. संस्कृतात जन्‌ या धातूपासून हा जात शब्द झाला आणि आपल्या मानेवर बसलेली जात त्याच धातूच्या पोटची. म्हणजे सुजाता या नावात मधोमध जातच बसलीय. चांगल्या घरी जन्मलेली, कुलीन, असा त्याचा अर्थ. शब्द फार जुना. ऋग्वेदात उषेला सुजाता म्हणून हाक मारलीय. महाभारताच्या वनपर्वात उद्दालक ऋषीची मुलगी सुजाता आहे, अष्टावक्राची आई. पाली वाङ्मयात तर एकापेक्षा जास्त सुजाता आहेत. अनाथपिंडिकाची सून सुजाता. मोठ्या घरची लेक, त्याचा तिला तोरा. सासरी कुणाचं ऐकायची नाही. बुद्धानं तिला समोर बसवून समजावलं.

आपल्याला माहीत आहे ती उरुवेलेची. सेनानीची मुलगी. सिद्धार्थ गौतम उपासतापासानं हाडांचा सापळा झाला होता, तेव्हा हिनं त्याला खीर दिली. बुद्धाच्या तोंडून तपस्या सोडल्याची जी जुनी हकिगत आहे, तीत देणारीचं नाव नाही. अश्वघोषाच्या बुद्धचरितात त्या मुलीचं नाव नंदबला आहे. पण अंगुत्तर निकायात बुद्धाला शरण जाणाऱ्या उपासिकांत पहिली म्हणून सेनानीची मुलगी सुजाता हिचं नाव येतं, आणि अट्ठकथेत खीर तिच्याच हातची. लोकांनी तेच नाव धरलं. बोधगयेजवळ निरंजना नदीच्या पलीकडे बकरौर गावात विटांचा मोठा स्तूप आहे. १९७३-७४ ला आणि पुन्हा २००१ ते २००६ या काळात तिथं खोदकाम झालं. देवपाल राजाच्या काळातल्या लेखात ती जागा सुजातेचं घर म्हणून नोंदलेली सापडली. सांगायचं म्हणजे, एका बाईचं नाव एका जागेला शेकडो वर्षं चिकटून राहिलं.

मग हे नाव मराठी घरात कसं आलं? आपल्यामुळे आलं असं म्हणायला छाती फुगते, पण ते खरं नाही. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांचं बुद्धचरित्र १८९८ चं. मॅट्रिक झालेल्या भीमरावाला त्यांनीच ते भेट दिलं. अवनींद्रनाथ ठाकुरांनी बुद्ध आणि सुजाता यांचं चित्र १९०१ साली काढलं. धर्मानंद कोसंबींचा 'बुद्धलीलासारसंग्रह' १९१४ चा. बुद्ध पुस्तकांतून आणि चित्रांतून शिकलेल्या घरांत शिरला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झालेल्या सुजाता मनोहर यांचा जन्म १९३४ चा. म्हणजे दीक्षेच्या बावीस वर्षं आधी मुंबईच्या शिकल्यासवरल्या घरात हे नाव होतं. तिथं त्याचा अर्थ सरळ होता. चांगल्या घरची मुलगी, म्हणून सुजाता.

आपण ते उचललं आणि त्याचा अर्थच फिरवला. कसा फिरवला ते नीट समजून घ्या, कारण या लेखाचा जीव तिथं आहे.

बुद्धाकडं जन्म या शब्दाला दुसराच अर्थ आहे. अंगुलिमालाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. माणसं मारणारा अंगुलिमाल भिक्खू होतो. पुढं एक बाई बाळंतपणात अडलेली त्याला दिसते. बुद्ध त्याला तिच्याकडे पाठवतो. काय सांगायला? मी आर्य जन्मानं जन्मलो तेव्हापासून जाणूनबुजून कुणाचा जीव घेतला नाही, या सत्यानं तुझं भलं होवो. म्हणजे त्याचा जन्म आईच्या पोटातून मोजायचा नाही, धम्मात आला तिथून मोजायचा. बाई सुखरूप सुटते. सुत्तनिपातात वसलसुत्त आहे, तिथंही तेच सांगणं. जन्मानं कुणी हीन होत नाही, जन्मानं कुणी ब्राह्मण होत नाही, माणूस होतो तो कर्मानं.

आता नागपूरला या. बावीस प्रतिज्ञांमध्ये शेवटाकडे एक प्रतिज्ञा आहे. आज माझा नवा जन्म होतो आहे असं मी मानतो, हा तिचा आशय. माझे पणजोबा त्या मैदानात होते. कर्ज काढून गेले होते. परत आले ते नवा जन्म घेऊन आले. ज्याला गावानं हजारो वर्षं हीन जन्माचा म्हटलं, तो म्हणाला, जन्म मी बदलला. मग त्याच्या घरी नात झाली तेव्हा तिचं नाव काय ठेवणार? सुजाता. चांगला जन्म. कुळाचा नव्हे, निवडलेला. हा अर्थ ऋषींच्या सुजातेत नव्हता आणि बंगल्यातल्या सुजातेतही नव्हता. तो आपण घातला.

नाव पसरलं कसं? पूर्वी जोशी पंचांग बघून राशीचं अक्षर सांगायचा. आपल्याला तो दारात उभं करील तर ना. दीक्षेनंतर पंचांगाचा विषयच मिटला. बौद्धाचार्य आला, वंदना झाली, बारशाला आत्यानं कानात कुर्र केलं आणि नवं नाव सांगितलं. ही नावं आली बुद्धजयंतीच्या भाषणांतून, गायन पार्ट्यांच्या गाण्यांतून, भिंतीवरच्या कॅलेंडरातून. त्या कॅलेंडरात झाडाखाली बसलेला बुद्ध आणि पुढं खिरीचं भांडं घेतलेली सुजाता. १९५७ साली बाबासाहेबांचा 'बुद्ध अँड हिज धम्म' आला, पुढं तो मराठीत झाला. वाचता न येणाऱ्यांना तो वाचून दाखवला गेला. गौतमी, यशोधरा, विशाखा, संघमित्रा, सुजाता. माझ्या आईच्या पिढीत आमच्या एका वस्तीत सहा सुजाता होत्या. थोरली, धाकटी, नळाजवळची, अशी ओळख सांगावी लागायची.

आणि १९५९ साली सिनेमा आला. बिमल रॉय यांचा 'सुजाता', सुबोध घोषांच्या बंगाली कथेवरचा. मी तो मोबाईलवर बघितला. अस्पृश्य मजुराची पोर ब्राह्मण इंजिनियरच्या घरी वाढते. नूतननं काम केलंय. तिचं नाव सुजाता आणि त्या ब्राह्मणाच्या पोटच्या पोरीचं नाव रमा. माझ्या शेजारच्या काकू रमा हे नाव ऐकून हसल्या. सिनेमा मनानं चांगला आहे, शेवटी लग्नही जात तोडून होतं. पण एक गोष्ट मला टोचते. जिला घरानं लहानाची मोठी केली तिला आई मनापासून लेक कधी म्हणते? तिचं रक्त अंगात चढल्यावर. तोवर ती मुलीसारखी, मुलगी नव्हे. चांगला जन्म रक्त देऊन सिद्ध करायचा. आपल्या माणसानं किती वेळा परीक्षा द्यायची?

परीक्षा शाळेत पण झाली. माझ्या आईच्या वर्गात दोन सुजाता होत्या. दुसरी वरच्या आळीतली. पहिल्या दिवशी हजेरी घेताना मास्तर थांबले. म्हणाले, "तुमच्यात कधीपासून आली ही नावं?" त्या मुलीला सुजाता म्हणायचे, आईला "सुजे". बघा, धोंडाबाईची धोंडे झाली तशी सुजाताची सुजे केली. पण आजोबा शाळेत गेले. गिरणीतून सुटून, अंगावर कापूस तसाच. मास्तरांना एवढंच बोलले, "गुरुजी, नाव पुरं घ्यायचं." दुसऱ्या दिवसापासून हजेरीत दोन्ही सुजाता पुऱ्या झाल्या. आई ही गोष्ट सांगते तेव्हा तिला त्या वर्गातलं दुसरं काही आठवत नाही, एवढंच आठवतं.

या नावाची एक ताकद होती. सुजाता ऐकून जात कळायची नाही. संघमित्रा म्हटलं की समोरचा ओळखतो. सुजाता म्हटलं की त्याला थांबावं लागतं. मग तो पुढचा प्रश्न विचारतो. "पूर्ण नाव?" भाड्याची खोली शोधताना आईला हा अनुभव कितीदा आला. सुजाता म्हटल्यावर चहा, आडनाव सांगितल्यावर "खोली कालच दिली हो." त्यांनी नावात जात शोधली, नाही सापडली, म्हणून आडनावात शोधली. आपण आडनाव बदललं तर गावाचं नाव विचारतात, मग गल्लीचं. म्हणजे नाव बदलून जात जात नाही. तरी नाव बदलायलाच पाहिजे होतं. त्याला एक प्रश्न जास्त विचारायला लावला, हेही काही कमी नाही.

आज काय आहे? आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या पटावर एकही सुजाता नाही. आरोही आहे, स्वरा आहे, अन्वी आहे. जुने कार्यकर्ते कुरकुरतात, पोरं बाबासाहेबांना विसरली म्हणतात. मला तसं वाटत नाही. एखादं नाव एका पिढीत घरोघर झालं की पुढच्या पिढीला ते आईचं, मावशीचं नाव वाटतं. पाळण्यातल्या पोरीला मावशीचं नाव कोण देईल? वरच्या आळीतल्या सुजाताही संपत चालल्यात. नाव जुनं होणं हा काही गुन्हा नाही. मला भीती दुसरी आहे. आपल्यातली काही शिकलेली पोरं आता मोबाईलवर राशीचं अक्षर काढतात आणि त्या अक्षरावरून नाव शोधतात. जोशाला दारातून घालवला तो खिशातून परत आला. अन्वी ठेवा, नाहीतर काही ठेवा, माझी तक्रार नाही. पण अक्षर कुणाला विचारून ठेवता, ते बघा.

आणि आता खरं बोलायचंय ते बोलतो.

निदानकथेत सुजातेनं वडाला केलेला नवस दिलाय. तिनं दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, आपल्याच बरोबरीच्या जातीच्या घरात लग्न होऊ दे. दुसरी, पहिल्या खेपेला मुलगा होऊ दे. दोन्ही झालं, म्हणून ती खीर घेऊन निघाली. बाबासाहेबांच्या ग्रंथात मुलाचा नवस आहे, जातीच्या घराची अट नाही. त्यांनी ती वगळली. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त ज्या माणसानं लिहिलं की जातीवर खरा इलाज म्हणजे जातीबाहेरचं लग्न, तो माणूस सुजातेच्या तोंडी तो नवस ठेवील कसा?

पण बाबासाहेबांनी वगळलेला नवस आपण रोज करतो. मंचावर जातीअंताचं भाषण आणि घरी सोयरीक बघताना पोटजात आधी. अमक्या भागातला नको, तमका आपल्यातला असला तरी त्यांच्यातला नको. स्वतःला बौद्ध म्हणवणारे दोन घरांत रोटी घालतात आणि बेटीला अडतात. मातंगाच्या, चर्मकाराच्या घरात पोर द्यायची म्हटली की आपले पुढारीही खाली बघतात. हा पहिला नवस.

दुसरा नवस मुलाचा. २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात २८५ मुलींची नावं सरकारी समारंभात बदलली. सगळ्यांचं जुनं नाव एकच, नकोशी. नकुसा. धोंडाबाईचं नाव ती जगावी म्हणून ठेवलं होतं. नकुसाचं नाव पुन्हा मुलगी होऊ नये म्हणून ठेवलेलं. मनूच्या निंद्य नावाची ही सख्खी बहीण, आणि ती एकविसाव्या शतकात आपल्या जिल्ह्यांत सापडली. आपल्या वस्तीतही तिसरी मुलगी झाली की पेढे वाटत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. घरातल्या पोरीचं नाव सुजाता ठेवायचं आणि वडाला फेऱ्या मारायच्या मुलासाठी. वड गेला असेल, नवस राहिलाय.

तरी त्या गोष्टीत एक माणूस आहे, जिचं नाव आपण कुणाला ठेवलं नाही. पुण्णा. सुजातेची दासी. वडाखाली झाडलोट करायला पुढं गेली ती पुण्णा. बुद्धाला आधी बघितलं तिनं. धावत येऊन सांगितलं तिनं. तेव्हा निदानकथेतली सुजाता काय करते? पुण्णेला म्हणते, आजपासून तू माझी थोरली लेक. आणि लेकीचे दागिने तिच्या अंगावर घालते. तिच्याकडून काही सिद्ध करून न घेता, रक्त न मागता. खीर वाटणं आपण दर वैशाखी पौर्णिमेला करतो. ही गोष्ट मात्र आपल्या कॅलेंडरात छापलेली नाही. चांगल्या घरची बाई दासीला लेक करते तेव्हा ती माझ्या हिशेबानं सुजाता होते. त्याआधी ते नुसतं तिच्या बापानं ठेवलेलं नाव होतं.

म्हणून कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे. पुढच्या शिबिरात बायकांना एकत्र बसवा. प्रत्येकीला तिचं, आईचं, आजीचं नाव विचारा. कुणी ठेवलं, का ठेवलं, गाव काय म्हणून हाक मारायचं, वहीत लिहून घ्या. धोंडाबाया थोड्या उरल्यात, त्यांच्याबरोबर हा इतिहास जाईल. आणि त्या वहीच्या शेवटच्या पानावर आपल्यातल्या पोरांनी सही करावी, सोयरीक बघताना जात विचारणार नाही, पोटजात विचारणार नाही आणि मुलगी झाली तर पेढे वाटीन. मग पोरीचं नाव काय ठेवायचं ते तिच्या आईला विचारा.

जय भीम.